भाड्याने दिलेल्या जागेतील अपघात आणि घरमालकाचे दायित्व : काय पाहावे, काय लिहून ठेवावे

भाड्याचा करार करताना घरमालक साधारणपणे चार गोष्टींवर घासाघीस करतो : भाडे, अनामत रक्कम, लॉक-इनचा काळ आणि जागा सोडतानाच्या रंगकामाचा खर्च. बाथरूममधला गिझर किती वर्षांचा आहे, बाल्कनीच्या कठड्याचे लोखंड तळाशी गंजले आहे का, घरातल्या वायरिंगला अर्थिंग आहे की नाही, हे प्रश्न त्या बैठकीत निघतच नाहीत. अपघात झाला की मात्र पोलीस, विद्युत निरीक्षक, विमा कंपनी आणि न्यायालय यांच्यापुढे नेमके हेच प्रश्न उभे राहतात, आणि त्या वेळी अनामत रक्कम किती घेतली होती याच्याशी कोणालाच देणेघेणे नसते.

हलगर्जीपणा या शब्दाचा कायद्यातील अर्थ रोजच्या बोलण्यातल्या अर्थापेक्षा काटेकोर आहे. दुसऱ्याच्या जिवाची आणि मालमत्तेची काळजी घेण्याचे कर्तव्य तुमच्यावर होते, ते तुम्ही पाळले नाही आणि त्यामुळेच नुकसान झाले, या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरच भरपाईचे दायित्व येते. घरमालकाच्या बाबतीत या तिन्हींचा निकाल बहुतेक वेळा दोन प्रश्नांवर लागतो. बिघडलेली वस्तू कोणाच्या नियंत्रणात होती? आणि तो बिघाड कोणाला ठाऊक होता, किंवा ठाऊक असायला हवा होता? या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच तयार कशी ठेवावीत, हे पुढे सांगितले आहे. मांडणी महाराष्ट्रातील कायद्यांना धरून आहे. प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिले तर वकिलाला पर्याय नाही, पण वकिलाकडे जाताना हातात काय असावे हे ज्याचे त्यानेच आधी ठरवायचे असते.

जागा कोणत्या नात्याने दिली आहे

पागडीच्या खोल्या, जुन्या चाळी आणि रीतसर भाडेपट्ट्याने दिलेल्या जागा यांत राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू असतो. त्याच्या बाबतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ स्पष्ट आहे : उलट करार नसेल तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस दिल्यानंतरही घरमालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वळती रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. अनेक घरमालक या कलमाकडे केवळ भाडे कापले जाण्याची धास्ती म्हणून पाहतात. खरी धास्ती वेगळी आहे. ती नोटीस तुमच्या हाती पडली त्या दिवसापासून दोष तुम्हाला ठाऊक होता याचा लेखी पुरावा तयार झालेला असतो.

शहरांतील बहुतेक फ्लॅट मात्र लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने दिले जातात. या व्यवहाराचे मूळ भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहे. लायसन्स म्हणजे काय हे सांगणारे त्यातील कलम ५२ सर्वांना ठाऊक असते, कारण ते छापील करारात असते; पुढची ५७ आणि ५८ ही दोन कलमे कोणी वाचत नाही. कलम ५७ सांगते की जागेत राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालाला धोका पोहोचवू शकेल असा जो दोष जागा देणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला माहीत नाही, तो उघड करणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे. कलम ५८ नुसार जागा धोकादायक होईल असे काहीही करण्यास देणाऱ्याला मनाई आहे. भाडेपट्ट्याच्या बाबतीत असेच कर्तव्य मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८(अ) ने घातले आहे. म्हणजे भाडेकरू असो वा लायसन्सधारक, ठाऊक असलेला दोष लपवून जागा देता येत नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या जवळजवळ प्रत्येक करारात एक वाक्य ठळकपणे असते की जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील आणि लायसन्सधारकाला केवळ वापराची परवानगी आहे. राहणाऱ्याने पुढे भाडेकरूचे हक्क सांगू नयेत म्हणून हे वाक्य घातलेले असते आणि त्या कामी ते उपयोगीच आहे. पण अपघातानंतर तुम्ही न्यायालयात म्हणू लागलात की घर माझ्या ताब्यात नव्हते, आत काय चालले होते मला काय ठाऊक, तर समोरचा वकील हेच वाक्य तुमच्यापुढे ठेवील. ताबा आपला आणि जबाबदारी दुसऱ्याची, असे दोन्ही हातांत लाडू धरता येत नाहीत. म्हणून लायसन्सने जागा देणाऱ्याने पाहणी आणि दुरुस्तीची व्यवस्था पट्ट्याने देणाऱ्यापेक्षा अधिक काटेकोर ठेवावी, असे माझे मत आहे.

करार अकरा महिन्यांचाच आहे, तो नोंदवायला नको, ही समजूत अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळते. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने अकरा महिन्यांच्या करारालाही लेखी स्वरूप आणि नोंदणी सक्तीची केली आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू किंवा लायसन्सधारक जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. गिझरची देखभाल कोणी करायची होती हा वाद अपघातानंतर उभा राहिला, तर या तरतुदीचे वजन किती असेल हे वेगळे सांगायला नको.

चावी देण्यापूर्वीची पाहणी

पाहणी रंग आणि फरशी बघण्यासाठी करायची नाही. माणसाचा जीव जाऊ शकतो अशा जागा घरात मोजक्या असतात. त्या प्रत्येकीपाशी थांबायचे.

पहिली जागा बाथरूम. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. कोंडलेल्या जागेत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला भोवळ येते आणि दार आतून बंद असते. दोष गिझरच्या यंत्रात असावाच लागत नाही, तो कोठे बसवला आहे यातच असतो. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो तेथून काढून मोकळी हवा खेळती असलेल्या जागी, म्हणजे कोरड्या बाल्कनीत किंवा डक्टच्या बाहेरच्या बाजूस बसवावा आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याची नळी आणावी. हे शक्य नसेल तर विजेचा गिझर घ्यावा. ‘खिडकी उघडी ठेवा’ अशी सूचना दारावर चिकटवून भागत नाही, कारण पुण्याच्या जानेवारीत आंघोळ करताना कोणी खिडकी उघडी ठेवत नाही आणि ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक असते. होणारा वापर आधीच दिसत असताना त्याकडे डोळेझाक करणे हा हलगर्जीपणाच ठरतो.

विजेच्या गिझरची तपासणी वेगळी. थर्मोस्टॅट चालतो का, जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह खारांनी तुंबलेला तर नाही, आणि मुख्य म्हणजे अर्थिंग आहे का. तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर दिसतो म्हणून त्याच्या तिसऱ्या भोकामागे तार जोडलेली असतेच असे नाही. जुन्या इमारतींत ती कित्येकदा नसते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, तो बसवून घ्यावा. एमसीबी आहे म्हणजे झाले, असे मानू नये. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो; माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागली तर पुरवठा तोडणारे उपकरण आरसीसीबी हेच आहे. त्यावरचे चाचणीचे बटण दाबून भाडेकरूला दाखवावे आणि वायरमनचे बिल तारखेसह जपून ठेवावे. हे बिल पुढे तुमचा सर्वांत स्वस्त साक्षीदार ठरते.

त्यानंतर बाल्कनी. कठड्याच्या उभ्या गजांचा तळ जेथे काँक्रीटमध्ये शिरतो तेथे पाणी साचून गंज सर्वांत आधी लागतो, आणि ऑइलपेंटच्या थराखाली तो दिसत नाही. हाताने जोर लावून हलवून पाहावे. सज्जाच्या खालच्या बाजूस प्लास्टर फुगले असेल किंवा स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील तर नुसते प्लास्टर मारून ते झाकू नये. खालून जाणाऱ्या माणसावर तुकडा पडला तर भाडेकरूशी केलेला कोणताही करार त्या वाटसरूवर बंधनकारक नसतो. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ठरवले की रस्त्यालगतच्या बांधकामाच्या मालकावर ते सुरक्षित ठेवण्याचे विशेष दायित्व असते, आणि दोष वरवर दिसणारा होता की आत दडलेला होता याने फरक पडत नाही. ते बांधकाम सुमारे ८० वर्षांचे होते, आणि तेथे वापरलेल्या चुन्याच्या कामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षे होते. मालक होती दिल्लीची महापालिका. पण तत्त्व ठाण्यातल्या वाड्यालाही तेच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड कोसळून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला, तेव्हा १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला दायित्वातून मुक्त केले. झाड कोसळेल असा अंदाज आधी येऊ शकत होता, हे त्या प्रकरणात दाखवता आले नव्हते. घडलेल्या प्रत्येक अपघातासाठी मालक दोषी असतोच असे नाही, हा त्याचा अर्थ. पण पाहणीच केली नाही म्हणून काही कळले नाही, असे म्हणणाऱ्याने या निकालाचा आधार फार विश्वासाने घेऊ नये.

खिडक्यांच्या ग्रिल चोरांपासून रक्षण करतात आणि आगीच्या वेळी आतल्यांनाच कोंडून ठेवतात. निदान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली ठरलेल्या जागी टांगलेली असावी. गच्चीवरच्या आणि तळघरातल्या पाण्याच्या टाक्यांना कडीकुलपाचे झाकण असावे. लहान मुले असलेल्या कुटुंबाला तळमजल्याची जागा देताना ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी. आणि चोर येऊ नयेत म्हणून कुंपणात वीज सोडण्याचा विचारही करू नये. बिहारमधल्या एकाने आपल्या शौचालयाकडे लोक फिरकू नयेत म्हणून वाटेत उघडी विजेची तार लावली होती. तिला लागून शेजारची स्त्री दगावली आणि ती आगंतुक होती हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये साफ नाकारला. ज्याला तुमच्या जागेत येण्याचा हक्कच नाही, त्याच्यासाठीही सापळा लावता येत नाही.

पाहणी भाडेकरूबरोबर फिरून करावी, प्रत्येक ठिकाणचे तारीख दिसणारे छायाचित्र घ्यावे आणि आढळलेले दोष एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ‘पश्चिमेच्या खिडकीतून पावसात पाणी येते, त्या भिंतीवरचा सॉकेट बंद केला आहे’ असे एक वाक्य लिहायला संकोच वाटतो, जागेची किंमत कमी होईल अशी भीती वाटते. कलम ५७ आणि कलम १०८(अ) यांचे पालन याच वाक्याने होते.

करारातली भाषा

छापील मसुद्यांत एक वाक्य हमखास असते : जागेत कोणताही अपघात झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही. ते ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. करार दोन पक्षांमध्ये असतो. भाडेकरूचे पाहुणे, घरकाम करणारी बाई, खालच्या मजल्यावरचे कुटुंब, कुरिअर घेऊन आलेला मुलगा यांपैकी कोणीही त्यावर सही केलेली नसते. आणि फौजदारी जबाबदारी तर कोणत्याच कराराने माफ होत नाही.

त्यापेक्षा उपयोगी ठरतात ती कामाची वाटणी करणारी साधी वाक्ये. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरार कायदा आखला, त्याच्या परिशिष्टातली वाटणी नमुना म्हणून चांगली आहे : बांधकामाची दुरुस्ती, नळांच्या पाइपलाइन बदलणे आणि वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, बटणे, सॉकेट, नाल्यांची सफाई, स्वयंपाकघरातली किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. महाराष्ट्राचा भाडे कायदा वेगळा असला तरी करारात अशी वाटणी लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नाही. तिच्या जोडीला आणखी तीन अटी असाव्यात. दोष दिसताच भाडेकरूने ठरलेल्या क्रमांकावर लेखी कळवावे. गॅस, वीज आणि भिंती यांत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये. आणि मालकाला वर्षातून दोनदा, आधी कळवून, पाहणी करू द्यावी. वाजवी वेळी, पूर्वसूचना देऊन पाहणी करण्याचा हक्क भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ ने दिलेलाच आहे. दुसरी चावी आपल्याजवळ आहे म्हणून भाडेकरूच्या माघारी आत शिरणे मात्र पाहणीत मोडत नाही. त्यातून वेगळीच तक्रार अंगावर येते.

तक्रार आल्यानंतर

सगळ्या मार्गदर्शनातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. समजा, भाडेकरूने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले : ‘काका, बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.’ तुम्ही उत्तर दिले, ‘बघू या, गणपती झाले की माणूस पाठवतो.’ या दोन ओळींनी तुमची कायदेशीर स्थिती संपूर्ण पालटलेली असते. त्याआधी तुम्ही दोषाविषयी अनभिज्ञ मालक होता. आता तुम्हाला दोष ठाऊक आहे, तो जीवघेणा आहे हे कोणालाही कळण्यासारखे आहे, आणि तुम्ही तो पुढे ढकलला आहे. संदेश वाचला नाही म्हणूनही सुटका नाही. निळ्या खुणा बंद करून ठेवल्याने कर्तव्य बंद होत नाही.

म्हणून तक्रारींची दोन गटांत विभागणी करावी. वीज, गॅस, कठडा, स्लॅब, लिफ्ट आणि टाकीचे झाकण यांविषयीची तक्रार आली तर त्याच दिवशी हालचाल करावी, आणि कारागीर मिळेपर्यंत ती वस्तू वापरातून काढावी. गिझरचा पुरवठा बंद करावा, बाल्कनीचे दार कुलूप लावून बंद ठेवावे, आणि तसे सांगितल्याचे लेखी ठेवावे. गळका नळ, फुगलेले दार, पडलेली टाइल यांना आठवडा-पंधरवडा चालतो. पाण्याच्या गळतीला मात्र किरकोळ समजू नये; ती खालच्या घराचे छत आणि वायरिंग खराब करते आणि दावा शेजाऱ्याकडून येतो. प्रत्येक तक्रारीची तारीख, दिलेले उत्तर, पाठवलेल्या माणसाचे बिल आणि काम झाल्यावर भाडेकरूने पाठवलेला ‘झाले’ हा शब्द एकत्र ठेवावा. साधी शंभर पानी वही पुरते.

भाडेकरूने भाडे थकवले असले तरी धोकादायक दुरुस्ती अडवून ठेवू नये. भाड्याचा दावा वेगळा चालतो. वसुलीसाठी वीज किंवा पाणी तोडणे तर कलम २९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

परदेशी किंवा दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणारा मालक नाशिकच्या फ्लॅटची चावी धाकट्या भावाकडे किंवा एजंटकडे देतो, आणि भाडेकरू सगळ्या तक्रारी त्यालाच सांगतो. भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम २२९ नुसार, कामाच्या ओघात एजंटला मिळालेली माहिती ही मालकाला मिळाल्यासारखीच धरली जाते. भावाने सांगितलेच नाही, हे घरातल्या भांडणात खरे असेल; दाव्यात त्याचा उपयोग होत नाही. ज्याच्याकडे चावी दिली त्याला ठरावीक रकमेपर्यंत न विचारता दुरुस्ती करण्याची मुभाही द्यावी.

दुरुस्तीचे काम करून घेताना

जागा सुधारण्याच्या हौसेतून होणारे नुकसान दुर्लक्षातून होणाऱ्या नुकसानापेक्षा कधीकधी मोठे असते. घाटकोपरची साईसिद्धी ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरच्या जागेत चाललेल्या नूतनीकरणात इमारतीचे खांब दुखावले गेले, असा आरोप त्या प्रकरणात झाला. तळमजल्याचा गाळा बँकेला, जिमला किंवा दवाखान्याला देताना भाडेकरू मोकळी जागा मागतो आणि मालक भिंत पाडायला होकार देतो. कोणतीही भिंत, खांब किंवा तुळई यांना हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय हा होकार देऊ नये. काम भाडेकरूच्या खर्चाने होत असले तरीही.

बंगला, चाळ किंवा रो-हाउस यांच्या सेप्टिक टाकीच्या बाबतीत कायदा अतिशय कडक आहे, तरी त्याची माहिती फार थोड्या मालकांना असते. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरवणे, प्रत्यक्ष असो वा कोणामार्फत, बेकायदा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. टाकीतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच पडतो. गटारसफाईत मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी. शोषण यंत्राची गाडी बोळात शिरत नाही, ही सबब चालत नाही.

इमारत, सोसायटी आणि व्यापारी गाळे

फ्लॅट सोसायटीत असेल तर जिना, लिफ्ट, गच्ची, बाहेरच्या पाइपलाइन आणि बाहेरच्या भिंती सोसायटीकडे असतात. त्यांतल्या दोषाबद्दल सोसायटीला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. तुमचे नियंत्रण तेवढेच असते, पण तेवढे वापरले पाहिजे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. महापालिका कायद्यांतही ३० वर्षांवरील इमारतींच्या तपासणीची सक्ती आहे. इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस लागलेली असताना नवा भाडेकरू ठेवणे हा माझ्या मते सर्वांत अक्षम्य प्रकार होय, कारण तेथे ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणायला जागाच राहत नाही.

गाळे, कार्यालये आणि वसतिगृहे यांना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होतो. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, आणि ही जबाबदारी मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. कायद्यातला हा ‘किंवा’ दोघांनाही झोप लावतो. ते कोणी करायचे हे करारात नावानिशी लिहावे आणि प्रत मागून घ्यावी. कॉट बेसिसवर मुले ठेवणाऱ्या मालकांचे नियंत्रण तर फ्लॅटमालकापेक्षा कितीतरी जास्त असते. स्वयंपाकघर, जिना, मुख्य दार त्यांच्याच हातात असते, तेव्हा रात्री बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत त्यांनी आजच बंद करावी.

विमा

२०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आग, पूर, भूकंप यांपासून इमारतीचे आणि सामानाचे रक्षण करते, आणि घर राहण्याजोगे उरले नाही तर बुडालेले भाडेही भरून देते. तिऱ्हाईत माणूस जखमी झाला तर द्यावी लागणारी भरपाई मात्र तिच्या मूळ संरक्षणात येत नाही. त्यासाठी दायित्वाचे वेगळे संरक्षण मागावे लागते, आणि जागा भाड्याने दिली आहे हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे लागते. ते लपवले तर दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. फौजदारी शिक्षेचा विमा अर्थातच नसतो.

अपघात घडलाच तर

आधी माणूस. वीज असेल तर मुख्य स्विच बंद केल्याशिवाय कोणी हात लावू नये, गॅस असेल तर दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि ११२ वर कळवावे. त्यानंतर जागेला हात लावू नये. जळालेला गिझर भंगारात देणे, तुटलेला कठडा त्याच रात्री वेल्डिंग करून घेणे, जुने संदेश पुसणे यांमागे घाबरगुंडी असते, पण कागदावर ते पुरावा नष्ट करणे दिसते आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. उरलेला भाग सुरक्षित करणे आवश्यक असेल तर आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि पोलिसांना सांगून मगच करावे.

मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४अ कलमात शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, आता ती पाच वर्षांपर्यंत आहे. दुखापतीसाठी कलम १२५, आणि बांधकाम पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या हयगयीसाठी कलम २९० आहे. मात्र फौजदारी दोषासाठी केवळ निष्काळजीपणा पुरत नाही. मृत्यू त्या कृत्याचा थेट परिणाम असावा लागतो. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार दगावले, त्या १९६० च्या दशकातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापक-भागीदाराला मृत्यूच्या आरोपातून सोडले, कारण आगीचे तात्कालिक कारण दुसऱ्याची घाई होती. आगीबाबत हयगय केल्याचा दोष मात्र कायम ठेवला. दिवाणी दाव्यात मोजमाप याहून सौम्य असते, आणि मृताचे वारस प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ खाली मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत भरपाई मागू शकतात.

विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. भाडेकरूच्या कुटुंबाला भेटायला जावे, दवाखान्याच्या खर्चाला हातभार लावावा. माणुसकीने केलेली मदत म्हणजे दोषाची कबुली नव्हे. फक्त देताना ‘माझ्या चुकीमुळे’ किंवा ‘तुमच्याच चुकीमुळे’ यांपैकी काहीही लिहून देऊ नये. मग ती पाहणीची सही केलेली यादी, वायरमनचे बिल, तक्रारवही, नोंदणीकृत करार आणि सोसायटीची पोच घेऊन वकिलाकडे जावे, आणि पोलिसांना जबाब देण्यापूर्वी जावे.